निंब आणि बकाण

फुईच्या घरामागचं ते झाड मी लावलं, म्हणून मला त्याचं फार कौतुक होतं. फुई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. आठवीपासून दहावीपर्यंत मी तिच्याकडेच राहून शिकले, चोपड्याजवळच्या त्या गावात. पुढे जळगावला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि शाळेत विज्ञान शिकवू लागले. फुईच्या माहेरात आणि सासरात मिळून मास्तरीण मी एकटीच. त्यामुळे ताप कुणाचा उतरत नाही इथपासून ते केळीच्या पानावर डाग कसले पडलेत इथपर्यंत सगळं मला विचारलं जायचं. आणि मी सगळ्याची उत्तरं द्यायचे. माहीत नसलं तरी द्यायचे, ही खरी गोष्ट आहे.

आठ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत वृक्षारोपण झालं. रोपं उरली. रोपवाल्यानं सांगितलं होतं, निंब आहे. त्यातलं एक मी पिशवीत घालून फुईकडे नेलं आणि म्हशीच्या गोठ्याशेजारी लावलं. झाड भराभर वाढलं. फुई कौतुकानं आल्यागेल्याला सांगायची, "मन्ही भाचीना निंब शे हाऊ."

तीन वर्षांनी त्याला फुलं आली. माझ्या आतेभावाच्या बायकोनं मला मोबाइलवर फोटो पाठवला. ही वहिनी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, साक्रीकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. बारावीनंतर लग्न झालेलं. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "अक्का, निंबले जांभळा फुलं येतस का?"

मी तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होते, का वार्षिकचे, ते आठवत नाही. पण फोटो नीट मोठा करून बघितला नाही हे आठवतं. निंबाचं फूल पांढरं असतं. लहान पोरालाही हे माहीत असतं. चैत्रात आपण ते गूळ घालून खातो. मी लिहिलं, "येतात कधीकधी. मातीचा फरक." आणि पुढचा पेपर ओढला.

मागच्या वर्षी फुईची शुगर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्या घेतल्या की तिला मळमळायचं. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आतेभावानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणजे घरातले सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "गोळ्या सोडू नको. पण सोबत रोज सकाळी निंबाच्या पाल्याचा रस घे. दारात झाड आहे तुझ्या."

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. "अक्का, हाऊ निंब नही शे. बकान शे हाऊ. आमनाकडे येले बकऱ्यासले खावू देतस नही."

मी हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हटलं, "वहिनी, बी.एस्सी. मी केलंय का तू? ते झाड मी माझ्या हातानं लावलंय."

तिकडे आतेभाऊ हसला, फुई हसली. वहिनी म्हणाली, "तुम्ही शिकेल शेतस. तुमनं खरं व्हई." आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी फुईनं पुन्हा फोन केला. "पोरी, फारसा कडू लागस नही व, निंबना रस." आता तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. निंबाचा रस कडू लागत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण मी म्हटलं, "मग पाला वाढव. आणि हिरवी फळं असतील तर चार-सहा तीही वाटून घाल. शुगरला फळं चांगली."

पुढं काय झालं ते आतेभावाकडून कळलं. पाचव्या दिवशी सकाळी रस घेतल्यावर तासाभरात फुईला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिच्या पायांतलं बळ गेलं. ओठ बधिर झाले, पापण्या उघडेनात. तिला चोपड्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. मला फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. तशीच निघाले. बस तापीच्या पुलावर आली तेव्हा मी मनात म्हणत होते, उष्मा असेल, शुगर उतरली असेल. रसाचा विचार मनात आलाच नाही असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. आला होता. मी तो बाजूला सारत होते.

दवाखान्यात फुई कॉटवर एवढीशी झाली होती. मी हाक मारली तर तिनं ओळखलं, पण डोळे उघडायला तिला बोटांनी पापणी वर करावी लागली. हाताला सलाइन होतं. तिची लेक, म्हणजे माझी आतेबहीण, अमळनेरहून आली होती आणि उशाशी बसली होती. वहिनी दाराबाहेर उभी होती, हातात पाण्याची स्टीलची बाटली.

डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी पोटात नेमकं काय गेलं?"

वहिनी म्हणाली, "निंबाचा रस. मी वाटून दिला."

"निंबाच्या रसानं असं होत नाही. त्यात दुसरं काही होतं का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आतेबहीण उठून उभी राहिली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अक्काले इचारा."

मी म्हटलं, "मी निंब सांगितला होता."

एवढंच वाक्य. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी निंबच सांगितला होता. पण ते वाक्य मी अशा वेळी, अशा आवाजात उच्चारलं की त्याचा अर्थ एकच झाला: मी निंब सांगितला, हिनं काय घातलं ते हिला माहीत. आतेबहिणीनं तोंडावर हात ठेवला. आतेभाऊ खाली बघत राहिला. वहिनीनं बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

संध्याकाळी फुईचे कपडे आणायला मी आतेभावाच्या मोटारसायकलवर गावात गेले. तो शेजाऱ्यांशी बोलत बाहेर थांबला. मी मागच्या दारानं गोठ्याकडे गेले आणि झाडाखाली उभी राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या झाडाकडे नीट पाहिलं असेन. निंबाचं पान एका काडीला दोन्ही बाजूंनी लागतं, करवतीसारखं. इथं काडीला फांद्या फुटलेल्या आणि त्या फांद्यांना पानं. फळं निंबोळीसारखी लांबट नव्हती, गोटीसारखी गोल, झुपक्यांनी लोंबत होती. बकाण निंब. नावात निंब आहे, तोंडवळाही निंबाचा आहे, आणि पोटात गेला तर विष आहे. दहावीचा हुशार मुलगाही सांगेल असा फरक. मी एक डहाळी तोडली, पर्समध्ये घातली आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आले. आतेभावाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खोलीत एकटे असताना मी ती डहाळी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे असावं. पाला आणि फळं, दोन्ही." त्यांनी बघितलं, फोनवर कुणाशी तरी बोलले, मग म्हणाले, "उपचार हेच चालू राहतील. पण कळलं ते बरं झालं." मी उठले आणि दारातून मागे वळून म्हटलं, "डॉक्टर, घरच्यांना मीच सांगेन. तुम्ही सांगू नका." ते म्हणाले, "बरं."

आणि मी सांगितलं नाही.

फुई सहाव्या दिवशी घरी आली. डोळे नीट उघडू लागले, बोलणं सुधारलं, पण डावा पाय ओढत चालायची. वहिनीच्या हातचं पाणीसुद्धा आतेबहीण आईला घेऊ देईना. गावात कुजबुज सुरू झाली होती. डोंगराकडची आहे, त्यांना जडीबुटीचं माहीत असतं. सासूशी पटत नसेल. एक बाई तर मलाच म्हणाली, "तुमनी फुईना नशीब चांगलं, वाचनी." मी मान हलवली. काही दिवसांनी आतेभावानं वहिनीला सांगितलं, थोडे दिवस माहेरी जा, सगळं शांत होऊ दे. त्यांची मुलगी चौथीत होती. शाळा बुडायला नको म्हणून तिला इथंच ठेवून घेतली. वहिनी एकटी गेली.

मला हे फोनवर कळलं. मी पोळ्या लाटत होते. माझे मिस्टर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वहिनी माहेरी गेली." त्यांनी विचारलं, "ह्या पेरणीच्या दिवसांत?" मी लाटत राहिले.

त्या दिवसांत मी स्वतःशी काय काय बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते. फुई बरी होऊ दे, मग सांगू. आतेबहीण सासरी परत जाऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर शाळेत कळेल, पालकांना कळेल, विज्ञानाच्या बाईंनी सख्ख्या फुईला विष प्यायला सांगितलं. वहिनी येईलच आठ-पंधरा दिवसांत, सासर-माहेर चालूच असतं. असं करत महिना गेला.

मग जुलैमध्ये वनस्पतींच्या वर्गीकरणाचा धडा आला. शास्त्रीय नावं कशाला लागतात हे समजावताना मी दरवर्षी एकच उदाहरण देते, हेमलॉकचं. परदेशात हेमलॉक नावाचं एक झुडूप आहे, कोथिंबिरीच्या जातीचं, पांढऱ्या फुलांचं. ग्रीकांच्या त्या म्हाताऱ्या तत्त्ववेत्त्याला त्याचाच रस पाजून मारलं. आणि हेमलॉक नावाचंच एक उंच झाड आहे, बारमाही हिरवं, देवदाराच्या जातीचं, अगदी निरुपद्रवी. नाव एक आणि गुण दोन. "म्हणून," मी दरवर्षी फळ्यावर रेघ ओढून म्हणते, "नावावर जायचं नाही. पान बघायचं."

त्या वर्षीही मी तेच म्हटलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, आपल्याकडे आहे का असं एखादं झाड?"

वर्षानुवर्षं ह्या प्रश्नाची मी वाट बघावी आणि तो विचारला गेला तेव्हा फळा पुसत राहावं. मुलं थांबली होती. मी म्हटलं, "आहे. निंब आणि बकाण निंब." मग मी दोन्ही पानं फळ्यावर काढली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. तास संपल्यावर मी मुख्याध्यापकांकडे जाऊन दोन दिवसांची रजा टाकली.

फुई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. आतेभाऊ घरात होता, आतेबहीणही अजून तिथंच होती. मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं. झाड बकाणाचं आहे. मीच आणलं. वहिनीनं मला दोनदा सांगितलं होतं, एकदा फोटो पाठवून, एकदा फोनवर. फळं घालायलाही मीच सांगितलं. तिनं तिच्या मनानं काहीच घातलं नाही.

फुईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "तिनी सांगेल व्हतं ना तुले?"

"हो."

"आनि तू हासनी."

"हो, फुई."

"मी बी हासनी," फुई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

आतेबहीण म्हणाली, "जे झालं ते झालं. आता हे बाहेर काढून काय उपयोग? तुझीच बदनामी होईल." तिनं हे माझ्या काळजीनं म्हटलं की वहिनीशी वागली होती त्याच्या लाजेनं, कुणास ठाऊक. फुई तिच्यावर एकदम ओरडली. तिला ओरडताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाय. तूच लई ये तिले. आनि तू बी जाय," हे लेकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आतेभाऊ एस.टी.नं निघालो. धुळ्याच्या स्टँडवर त्यानं मला चहा आणून दिला, तेव्हा वाटलं तो काही तरी बोलणार. पण बोलला नाही. साक्रीच्या पुढे उतरून आम्ही चालत तिच्या गावाला गेलो.

वहिनी शेतात निंदणी करत होती. तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, पण वडील खाटेवरून उठले नाहीत. ती विळा हातात घेऊनच आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी उभी राहिले आणि जे ओट्यावर सांगितलं होतं तेच तिच्या आईवडिलांसमोर सांगितलं. शेवटी म्हटलं, "वहिनी, तुझा तो फोटोचा मेसेज अजून असेल. तू कुणाला दाखवला का नाहीस? एका मिनिटात सगळं मिटलं असतं."

"दखाडा व्हता मी," ती म्हणाली. "तुमना भाऊले. दवाखानामाच."

मी आतेभावाकडे वळले. तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "अक्काशी वाद नको म्हटलं मी तिला. तुझं नाव मोठं. कोण विश्वास ठेवणार?"

इतके दिवस मी समजत होते की ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. त्यालाही माहीत होती, आणि त्यानं माझ्या मोठ्या नावाखातर बायकोला घराबाहेर काढलं होतं.

वहिनीनं विळा भिंतीला टेकवला. "माफी मांगानी ते आठे नको. मन्हा माय-बापले माहीतच शे मी कशी शे. जठे मन्हं नाव खराब व्हयनं तठे सांगा. कानबाईले बठ्ठी भाऊबंदकी जमस. तठे सांगा. मी समोर उभी राहसू."

मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अक्का, तुमले कवय समजनं, हाऊ बकान शे ते?"

मी म्हटलं, "आत्ताच. दोन दिवस झाले. वर्गात शिकवताना लक्षात आलं."

ती आत जाऊन भाकरी टाकायला बसली.

कानबाईचा सण आमच्याकडे श्रावणात होतो. सगळी भाऊबंदकी एकत्र येते, रोटांच्या नैवेद्यासाठी गहू दळले जातात, घरच्या सुना पहाटेपासून राबतात. फुईच्या सासरच्या त्या अंगणात चाळीसेक माणसं होती. वहिनी आदल्या दिवशी आली होती आणि पुरणाच्या पातेल्याजवळ बसली होती. बायका तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या होत्या. मी मधे जाऊन उभी राहिले. शाळेत दोनशे मुलांसमोर बोलताना मी कधी अडखळले नाही, तिथं पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मग म्हटलं. सगळं म्हटलं. झाड, फोटो, फोन, फळं, दवाखान्यातलं माझं ते वाक्य.

एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे शिकेलनी चूक आनि बिनशिकेलना डोकावर!" दोघी-चौघी हसल्या. ज्या बाईनं मला फुईच्या नशिबाचं सांगितलं होतं ती उठली आणि वहिनीशेजारी जाऊन बसली, पोळपाट पुढे ओढून पुरणपोळ्या लाटायला लागली. आतेबहीण आत निघून गेली. पाच मिनिटांत अंगण पुन्हा कामाला लागलं. मला वाटलं होतं त्याहून लवकर.

झाड आतेभावानं तोडायला काढलं होतं. वहिनीनंच नको म्हटलं. म्हशीला सावली आहे, फळं झाडून जाळत जाऊ, म्हणाली. फुई आता काठी घेऊन चालते. रोज सकाळी वहिनीच तिला गोळ्या देते, तिच्याच हातानं, आणि फुई तिच्याखेरीज कुणाच्या हातून घेत नाही. घरात सगळं ठीक आहे असं सगळे म्हणतात. मी दर महिन्याला एका रविवारी जाते. वहिनी चहा करते, बशीत शेव ठेवते, शाळेची चौकशी करते. पूर्वी ती माझ्याजवळ बसायची. आता उभी असते.

मी जे कबूल केलं त्याबद्दल लोक मला बरं म्हणतात. माझे मिस्टर म्हणतात, एवढं धैर्य कुणाला असतं. पण त्या कबुलीत एक गोष्ट नव्हती. मला वर्गात शिकवताना कळलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी, पर्समध्ये डहाळी घालताना कळलं होतं. ती माहेरी गेली, तिची मुलगी आईवाचून शाळेला जात राहिली, गावानं तिला काय काय म्हटलं, ते सगळे दिवस मला माहीत होतं. चुकीची माफी मी मागितली. त्या दिवसांची मागितली नाही.

फुईला तपासायला वहिनीच चोपड्याला घेऊन जाते, त्याच डॉक्टरांकडे. दोन महिन्यांपूर्वी चहाचा कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, "डाक्टर तुमनी याद करत व्हता, अक्का." मी म्हटलं, "हो का?" ती म्हणाली, "हा." डॉक्टरांनी तिला त्या डहाळीचं सांगितलं असेल का, हे मी कसं विचारणार? मी चहा प्यायले. फार गोड झाला होता तरी संपवला.

येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. ह्या वेळी तिला बाजूला घेऊन सांगायचं असं मी ठरवलं आहे. मागच्या दोन्ही वेळांनाही मी असंच ठरवून गेले होते.